आबांचं कलम

नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी पाणी कशासाठी असतं, हे शेंबड्या पोरापासून कारखान्याच्या शेतकी साहेबापर्यंत सगळ्यांना कळतं. ज्याला ते उभ्या जन्मात कळलं नाही असा एकच बागाईतदार परमेश्वरानं घडवला, आणि नेमका तोच शोधून काढून आमच्या वडिलांनी त्याला आमची आक्का दिली. हे माझे दाजी. राहणार सणसर. जमीन बारमाही पाण्याची, ऊस असा की आत शिरलेली म्हैस दुसऱ्या दिवशी सापडावी, आणि विहिरीच्या अंगाला मोसंबीची बाग. शिवाय मोसंबीचा डोळा भरण्यात, म्हणजे कलम करण्यात, त्यांचा हात एवढा नामांकित, की काटेवाडीपासून लासुर्ण्यापर्यंतचे लोक त्यांना न्यायला गाडी जुंपून येत. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात मोसंबीचा डोळा सरकवायचा, केळीच्या सोपटानं आवळायचा आणि गारव्यात ठेवायचा. त्यांनी भरलेला डोळा वाया गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. असल्या माणसानं सुखानं ऊस लावावा, मोसंबी विकावी आणि संध्याकाळी पारावर बसून सरकारला नावं ठेवावीत. आमचे दाजी निवडुंग पाळीत.

लावीत असं मी म्हणत नाही. लावतात ते झाड. दाजींचे निवडुंग ओट्यावर राहत, कोवळं ऊन खायला अंगणात जात, ऊन तापलं की परत ओट्यावर येत, आणि आभाळातून थेंब पडला की दाजी ताटावरून उठून त्यांना सोप्यात घेत. अंगणात वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या तर भिजल्या. कालव्याला पाण्याची पाळी आली की सारा गाव फावडी घेऊन पाटाकडं पळे आणि दाजी कुंड्या घेऊन उंचवट्याकडं पळत. एकदा तर त्यांनी आपल्या पाळीचं पाणी शेजाऱ्याच्या उसाला सोडलं आणि त्याच्या बदल्यात नदीची दोन गाड्या वाळू घेतली. त्या आठवड्यात कालव्याच्या पाटकऱ्यानं मला बारामतीच्या बाजारात गाठलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "तुमचं दाजी बरं हायती न्हवं?" मी बारामतीत एका वकिलाकडं कारकुनी करीत होतो, तेव्हा सरळ तोंडानं खोटं बोलणं हा माझा धंदाच होता. "उत्तम आहेत," असं मी सांगितलं.

या खुळाची सुरुवात मोसंब्यांपासूनच झाली. लासुर्ण्याच्या पुढं साखर कारखान्याच्या वसाहतीत एक गोरा इंजिनिअर राही. त्याच्या बंगल्यावर दाजी मोसंब्यांची पाटी पोचवीत. स्वराज्य येऊन दोन-चार वर्षं झाल्यावर तो मायदेशी निघाला. निरोपाच्या दिवशी त्याच्या मडमेनं दाजींना बंगल्यातली हवी ती वस्तू न्यायला सांगितलं. बंगल्यात ग्रामोफोन होता. आरामखुर्ची होती. आतून आरसा लावलेलं शिसवी कपाट होतं, त्याची चौकशी आक्कानं आधीच करून ठेवली होती. दाजींनी सगळं घर फिरून पाहिलं आणि मागच्या व्हरांड्यातल्या काटेरी रोपांच्या तीन कुंड्या उचलल्या. बैलगाडीतून कपाट उतरेल म्हणून आक्का दारात उभी, आणि उतरले हे. दाजींच्या मातोश्रींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे गेलेल्या आबांनी, कालव्याखाली जमीन आणायची म्हणून अर्धी हयात फड्या निवडुंग खणून काढण्यात घालवली होती. हा निवडुंग म्हणजे पंज्याएवढ्या चपट्या, काटेरी फड्यांचं रान. तेव्हा सगळ्या शिवारात तेच माजलेलं होतं. "आरं, तुझ्या बापाच्या हातातलं काटं मरंस्तवर निघालं न्हाईत," मातोश्री म्हणाल्या, "आन् तू मडक्यात घालून घरात आणलंस व्हय?"

दाजी हसले. त्यांची हीच एक वाईट सवय होती. त्यांच्यावर कुणी कितीही तोंड टाकलं तरी ते असे हसत, की बोलणाऱ्यालाच आपलं काही चुकलं की काय असं वाटावं. तिनाच्या तेरा कुंड्या कधी झाल्या आणि ओटा कधी भरला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुण्याला मोसंबी घेऊन गेले की परतताना कुठल्या तरी बंगल्याच्या माळ्याला पटवून ते एखादं बोंडूक खिशात घालून आणीत, आणि ते खिशातून काढायचं काम आक्काला पडे. कुंड्या संपल्यावर डालड्याचे डबे आले, मग तळ गेलेली घागर आली, मग गुऱ्हाळातली फुटकी काहील आली. घरी येणाऱ्या पाहुण्याला गावाकडच्या रिवाजाप्रमाणे गूळपाणी मिळे आणि त्याच्यामागोमाग चिमटा. आक्का चिमटा डोरल्यासारखा कायम अंगावर बाळगी, कमरेला खोचलेला. ओट्याच्या कडेला टेकू नये एवढी साधी अक्कल मला यायला फार दिवस लागले. पहिल्या दिवाळीला मी तिथं टेकलो, आणि परत बारामतीपर्यंत सायकलवर उभ्यानं आलो.

या रोपांना शास्त्रातली नावं होती, पण ती दाजींच्या जिभेवर टिकत नसत. म्हणून त्यांनी घरची नावं ठेवली. एक गोल, गरगरीत, पिवळ्या काट्यांचा होता, तो मामलेदार. एक उंच होता आणि त्याला एकच हात फुटून तो पुढं झालेला होता, तो पाटकरी. एक बुटका, कधी न फुलणारा, जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ओरखडणारा असा होता. त्याचं नाव काय, म्हणून मी विचारलं तर दाजी दुसरीकडं बघायला लागले. "मेव्हणा," आतून आक्का म्हणाली.

आणि एक होते आबा. मडमेच्या तीन कुंड्यांतलीच ही एक. वीतभर उंचीचा सरळ सोट, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र लांब केस. काटे होते, पण केसांच्या आत दडवलेले. लांबून पाहिलं तर कुणी म्हातारा पाठ करून उन्हात बसला आहे असंच वाटावं. दाजी या आबांचे केस आक्काच्या फणीनं विंचरीत, आणि धुळीनं मळले की शिकेकाईच्या पाण्यात कुंचला बुडवून ते धूत. आक्काला महिन्यातून एकदा न्हायला शिकेकाई मिळे, ती आबांच्या न्हाण्यातून उरली तर. मातोश्री हे सगळं आठ-पंधरा दिवस तोंडाला पदर लावून बघत होत्या. एके दिवशी त्या काठी टेकत ओट्यापाशी आल्या, त्या पांढऱ्या डोक्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हुबेहूब त्येच. बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय, आन् जवळ गेलं की टोचायचं." आबा हे नाव त्या दिवसापासून पडलं. मयताच्या नावानं निवडुंगाचं बारसं करणारं घराणं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढचं जे झालं ते कालव्याकाठच्या माणसाच्या हातूनच होऊ शकतं. इंदापूरच्या कोरड्या माळावरच्या बाईच्या हातून झालं नसतं. दुपारी सगळं घर लवंडलं की मातोश्री तांब्याभर पाणी घेऊन यायच्या आणि आबांच्या कुंडीत ओतायच्या. रोज. दाजी तेव्हा बागेत असायचे. त्यांना पत्ता लागला तो आबांचा बुंधा मऊ पडून पिवळा झाला तेव्हा. बोटानं दाबलं तर बोट आत जात होतं. दाजींनी आक्काला विचारलं, आक्कानं सांगितलं, आणि मी त्या दिवशी तिथंच होतो म्हणून दाजींचं तोंड कसं झालं तेही पाहिलं. "मग तुमच्या आईंना सांगा की पाणी घालू नका म्हणून," मी म्हणालो. एवढ्या साध्या गोष्टीला वकिलाचा कारकून कशाला लागतो, हेच मला कळेना.

आक्कानं मला चुलीपाशी बोलावलं. आबा गेले तेव्हा ती घरात नवीन होती. उन्हाळ्यात त्यांना ताप भरला आणि वैद्यानं पाणी तोडलं. घोटभरसुद्धा द्यायचं नाही, अशी ताकीद. मातोश्रींनी ती अक्षरशः पाळली. आबा दोन दिवस पाणी पाणी करीत होते, आणि बाहेर मोसंबीला पाट भरून पाणी चाललेलं त्यांना पडल्या पडल्या ऐकू येत होतं. मातोश्री पाण्याची घागर उचलून परसात ठेवून आल्या, समोर दिसायला नको म्हणून. भर दुपारी आबा गेले.

मी ओट्यावर परत आलो तेव्हा दाजी आईला सांगत होते, "घूस लागली ग आई. मुळं कुरतडली भाड्यानं." आणि हे खोटं पक्कं करायला त्यांनी त्याच संध्याकाळी सापळा आणून ओट्याखाली लावला. मातोश्री त्या घुशीला तळतळाट देत त्यात रोज भाकरीचा तुकडा अडकवायच्या. नसलेली घूस कधी सापडली नाही. माझ्या डाव्या पायाचा अंगठा सापडला. मी अंगठा धरून बसलो असताना दाजींना पुन्हा तेच म्हणालो, की एवढी नाटकं करण्यापेक्षा खरं सांगून टाका. या वेळी मात्र ते हसले नाहीत. "पावनं," ते म्हणाले, "एकदा पाणी तोडल्याचं ती उरावर घिऊन बसलीया. आता पाणी पाजल्यानं बी माणूस गेला म्हणून सांगू व्हय तिला?"

दाजींनी ठरवलं ते असं: आबांचा वरचा भाग अजून घट्ट होता. तो कापून अशा एखाद्या खुंटावर कलम करायचा, की ज्याला आईनं घागरी ओतल्या तरी काही होऊ नये. म्हणजे निवडुंगाला पाणी आवडायला लावायचं. मोसंबी खारवट जमिनीत तगावी म्हणून जंबेरीवर चढवतात, तसंच हे, असं ते म्हणाले. बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते, की मला आक्काची काळजी वाटायला लागली. शेतकऱ्याच्या सवयीनं त्यांनी सगळं बी एका वाफ्यात टाकलं नाही. त्या घट्ट भागाचे तीन तुकडे केले, खालची चकती, मधली चकती आणि शेंडा. शेंडा अगदी शेवटी, लागलाच तर वापरायचा.

पहिली चकती त्यांनी बांधावरच्या त्रिधारी निवडुंगावर बसवली. अख्ख्या तालुक्यातला नामांकित हात, तो काय मोसंबीचा धर्म सोडतो? सांध्याला शेणमाती लिंपली, केळीचं सोपट गुंडाळलं, वर ओलं पोतं टाकलं, आणि कुंडी माठाच्या सावलीत ठेवली. चार दिवसांनी पोतं उचललं तेव्हा घरातली सगळी माणसं नाकाला पदर-धोतर लावून बाहेर पळाली. दाजी एकटेच आत बसून राहिले. त्या वासातच त्यांना विद्या झाली. "मोसंबीला घाम येऊ द्यावा लागतोय," बाहेर येऊन ते म्हणाले, "ह्याला घाम चालत न्हाय."

दुसरी चकती त्यांनी तशाच त्रिधारीवर, पण कोरडी बांधली, आणि ती टिकली. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना गेला, केस पांढरे ते पांढरे. खालचा खुंट पाणी पिऊन टरारला होता. मातोश्रींचा तांब्या रोज दुपारी सुखानं रिकामा होत होता. दाजींनी गावात गूळ वाटला. चार प्रतिष्ठित मंडळींना चहाला बोलावलं आणि मलाही बारामतीहून मुद्दाम बोलावून घेतलं, कारण चेष्टा करणारा हजर असल्याशिवाय यशाला चव येत नाही. मंडळींत आबांचे जुने दोस्त तात्या होते. तात्यांना कमी दिसायचं. ते चहाची बशी हातात धरून आबांच्या अगदी जवळ वाकले आणि म्हणाले, "लई ब्येस. डोक्याचा आकार बी तसाच हाय बरं का." असं म्हणून त्यांनी जुन्या मैत्रीनं आबांना एका बोटानं ढुसणी दिली. आबा खुंटावरून सुटले, कोलांटी मारली आणि तात्यांच्या बशीत उतरले. तात्यांनी बशीत निरखून पाहिलं. "आरं," ते म्हणाले, "तुझा बाप माझ्या च्यात आला की."

मंडळी हसली. मीही हसलो, आणि हसता हसता माझं लक्ष मातोश्रींकडं गेलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हातातला तांब्या त्यांनी उंबऱ्यावरच ठेवला आणि त्या आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या. दाजी चकती उलटी करून बघत होते. तिच्या तळाला त्रिधारीचा पांढरा चीक वाळून पापुद्रा झाला होता. सांधा एका दिवसापुरताही जुळलेला नव्हता. एवढे दिवस ती चकती आपल्या अंगातल्या पाण्यावरच जगत होती. "दोघं एका ताटात बसलेवतं, पर जेवलं न्हाई कुनी," दाजी म्हणाले. चहात भिजलेल्या त्या चकतीचं पुढं काहीच झालं नाही. मातोश्री दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण अर्ध्यावर आलं. आक्का म्हणाली, त्या एकच विचारतात, माझ्याच हाताला पाप लागलंय का म्हणून.

आता कोरड्या सावलीत जपलेला शेंडा राहिला होता, माझ्या अंगठ्याएवढा. मग एके दिवशी सकाळीच दाजी बारामतीत माझ्या बिऱ्हाडी हजर. "चला, इंदापूरच्या पल्याड जायचंय. फडं आणायची." त्यांना लहानपणचं आठवलं होतं. आबा फड्या निवडुंग खणून काढीत आणि पाण्याच्या चारीत टाकून देत. तो चारीतच फुटायचा. "पाण्यात बी मरंना, उन्हात बी मरंना. आबा रडकुंडीला यायचं त्येच्यापायी. आपल्याला खुंट पायजे तो त्योच." आणि हे फडं सणसरच्या शिवारात शोधून सापडेना, कारण आबांसारख्या कष्टाळू माणसांनी ते मुळासकट नाहीसं करून तिथं ऊस उभा केला होता. मी वकिलांना आजारपणाचा निरोप धाडला आणि निघालो. इंदापूरच्या पलीकडच्या माळावर दाजी फड्यांवर असे तुटून पडले, की शेरडं राखणारी एक म्हातारी हातातली काठी विसरून बघत राहिली. "कशाला रं नेतासा?" तिनं विचारलं. "आबांना बसवायचंय त्येच्यावर," दाजी म्हणाले. म्हातारीनं घाईघाईनं शेरडं वळवली.

परतीच्या यष्टीत आमच्याशेजारी कुणी बसलं नाही. कंडक्टरनं तो भारा टपावर टाकायला लावला, पण टाकणाऱ्या हमालाची आरडाओरड ऐकून इतर उतारूंना आत काय आहे ते कळलंच. सणसरला पोचल्यावर दाजींनी एक जाड फडं निवडलं, चाकू चुलीच्या विस्तवावर धरला, फड्याच्या माथ्याला चीर दिली आणि आबांचा शेंडा पाचरीसारखा तासून तिच्यात बसवला. सोपट वापरायचं नव्हतं, सुतळी रुतत होती. "ताणून धरंल आसं कायतरी पायजे," असं पुटपुटत ते बाहेर गेले आणि रबराची छान पट्टी घेऊन आले. कलम बांधून झालं, मी त्यांच्या अक्कलहुशारीचं मनापासून कौतुक केलं, आणि बाहेर येऊन पाहतो तो दिवाळीपासून त्यांच्या पडवीत ठेवलेल्या माझ्या सायकलच्या मागच्या चाकात ट्यूब नव्हती. काटेवाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. एरवी मी मनातल्या मनात आक्काच्या सासरचा उद्धार केला असता. त्या दिवशी मी एकच म्हणत होतो, की लागू दे रे बाबा हे एकदाचं.

लागलं. शेंड्याला नवा पोपटी कोंब आला आणि त्या कोंबातून नवे केस, बाळाच्या जावळासारखे. दाजींनी आईला हाताला धरून ओट्यावर आणलं. मातोश्रींनी वाकून खालचं फडं पाहिलं, मग वरचे केस पाहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. "जल्मभर ज्याला उपटलं," त्या म्हणाल्या, "त्येच्याच खांद्यावर बसलेत की." मग दाजींकडं न बघता त्यांनी हळूच विचारलं, "पानी चालंल न्हवं?" दाजी म्हणाले, "घाल की आई. किती बी घाल." आणि निवडुंगाला थेंब लागला की ताटावरून उठणारा तो माणूस, आईनं कुंडी काठोकाठ भरेपर्यंत हाताची घडी घालून शेजारी उभा राहिला. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

त्यानंतर आबा मोठ्या झोकात वाढले. फड्याला फडी फुटली, तिला आणखी फुटली, आणि सगळ्यांच्या वर ते पांढरं डोकं. मातोश्रींचा तांब्या कधी चुकला नाही. मग एका उन्हाळ्यात मातोश्री स्वतःच अंथरुणाला खिळल्या. बारामतीचे डॉक्टर यष्टीनं आले, तपासलं, आणि दाजींना बाजूला घेऊन औषधपाण्याच्या सूचना द्यायला लागले. मी शेजारी उभा होतो. दाजींनी त्यांना मधेच थांबवलं. माझ्यासमोर कधी आवाज न चढवलेला तो माणूस. "डाक्टर, बाकी तुमी म्हणाल तसं करीन. पाण्याचं मातर सांगू नका. आमी ऐकणार न्हाय." डॉक्टरांना त्यातलं काय कळलं देव जाणे. पाणी द्यायला हरकत नाहीच, असं ते म्हणाले, आणि तरीसुद्धा दाजी बराच वेळ त्यांच्याकडं रागानं बघत राहिले.

त्या दुपारी मातोश्रींच्या ओठाला कोरड पडली. दाजी तांब्या घेऊन उशाशी बसले तर त्या तोंड फिरवायला लागल्या. "आधी त्यास्नी," त्या म्हणाल्या. दाजींना 'घातलंय' म्हणून सांगता आलं असतं. घुशीचं खोटं त्यांनी यापेक्षा सफाईनं पचवलं होतं. पण ते उठले, तांब्या घेऊन बाहेर गेले, आणि आतून ऐकू जावं अशा बेतानं त्यांनी पाणी कुंडीत सावकाश ओतलं. मग माठातून पुन्हा तांब्या भरून आणला, आईचं डोकं हातावर घेतलं आणि तिला पाजायला लागले. त्या थांबत थांबत, घोट घोट घेत, सगळा तांब्या प्याल्या. "आता बास," म्हणाल्या. दाजींनी त्यांचं तोंड आपल्या उपरण्यानं पुसलं.